हेडसेट बदलला तरी तक्रार तीच: गेमिंग-स्ट्रीमिंगसाठी हलका इन-इअर घेण्याआधी दोष कुठे आहे ते शोधा

डोक्यावर बसणारा मोठा हेडसेट साधारण 250 ते 350 ग्रॅमचा असतो. दोन-तीन तास सलग खेळलं की मान अवघडते, चष्म्याची काडी कानशिलात रुतते, कान घामेजतात. इन-इअरची, म्हणजे कानाच्या आत बसणाऱ्या इअरफोनची, एकेक बाजू जेमतेम पाच-सहा ग्रॅमची. त्यामुळे लांब स्ट्रीम करणारे तिकडे वळतात, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. मात्र इन-इअर आल्यावर एक ठरावीक तक्रार सुरू होते: गाणी ऐकताना झकास वाजतो, पण गेममध्ये माइक चालू केला की सगळं बिघडतं. आवाज कोंडतो, टीममेटना प्रतिध्वनी ऐकू जातो किंवा माइक सापडतच नाही. मग तो इन-इअर खणात जातो, दुसरा येतो, आणि काही दिवसांत तीच तक्रार पुन्हा सुरू.

पुन्हा सुरू होते, कारण बहुतेक वेळा बिघाड कानात बसणाऱ्या भागात नसतोच. तो जोडणीत असतो. ब्लूटूथ कोणत्या मोडमध्ये चाललंय, पिनवरच्या तारा कोणत्या क्रमाने आहेत, लॅपटॉपचा जॅक कसला आहे, दोन ॲप एकाच माइकसाठी भांडतायत का, यात तो असतो. जोडणी तीच ठेवून हेडसेट कितीही बदला, दोष नव्या हेडसेटलाही गाठणारच. म्हणून आधी निदान, मग खरेदी.

आधी एवढी तपासणी करा

गेम बंद ठेवून साध्या रेकॉर्डरमध्ये मिनिटभर बोला. मग गेम चालू करा, टीम चॅट चालू करा आणि पुन्हा मिनिटभर बोला. दोन्ही रेकॉर्डिंग त्याच इन-इअरवर ऐकू नका, स्पीकरवर किंवा दुसऱ्या कुठल्यातरी हेडफोनवर ऐका. नाहीतर ऐकण्यातला दोष आणि बोलण्यातला दोष यांची सरमिसळ होते. त्यानंतर तोच इन-इअर दुसऱ्या यंत्राला, म्हणजे फोनला किंवा दुसऱ्या लॅपटॉपला, जोडून हाच प्रयोग करा.

दोष हेडसेटबरोबर दुसऱ्या यंत्रावर गेला, तर हेडसेट खरंच खराब आहे किंवा तुमच्या कामाचा नाही. दोष पहिल्याच यंत्रावर राहिला, तर यंत्राचा जॅक, चार्जर किंवा सेटिंग बघायला हवं. आणि दोष फक्त टीम चॅट चालू असतानाच येत असेल, तर जवळजवळ नक्की तो मोडचा किंवा ॲपचा आहे. नवा हेडसेट मागवण्याआधी एवढं कळलं तरी पुष्कळ पैसे वाचतात.

"माइक चालू केला की गेमचा आवाज फोनवरच्यासारखा होतो"

ब्लूटूथ इन-इअरची ही सगळ्यात मोठी तक्रार, आणि ती समजून घेतल्याशिवाय निवड करूच नये.

पारंपरिक ब्लूटूथमध्ये आवाजाचे दोन वेगळे रस्ते आहेत. एक ए-टू-डीपी: यात चांगल्या दर्जाचा स्टिरिओ आवाज यंत्राकडून कानाकडे येतो, पण एकाच दिशेने. दुसरा हँड्सफ्री, म्हणजे एचएफपी: यात आवाज दोन्ही दिशांनी जातो, म्हणून माइक चालतो, पण हा रस्ता फोन कॉलसाठी आखलेला आहे. जुन्या सीव्हीएसडी पद्धतीत त्याचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा) 8 किलोहर्ट्झ असतो, नंतर आलेल्या एमएसबीसीमध्ये 16 किलोहर्ट्झ. गेमचा आवाज सहसा 48 किलोहर्ट्झचा असतो. कुठल्याही ॲपने हेडसेटचा माइक मागितला की यंत्र ए-टू-डीपी सोडून हँड्सफ्रीवर जातं. त्याच क्षणी गेमचा आवाज कोंदट आणि मोनो होतो. डावीकडून आलेलं पाऊल आणि उजवीकडून आलेलं पाऊल सारखंच ऐकू येतं. नेमबाजीच्या गेममध्ये याचा अर्थ काय, ते खेळणाऱ्याला सांगायला नको. आणि प्रेक्षकांना तुमचा आवाजही त्याच अरुंद रस्त्याने जातो.

याला हेडसेट खराब आहे म्हणणं चूक आहे. खूप महागड्या ब्लूटूथ इअरबडवरही हेच होतं.

उपाय सोपा आहे: हेडसेटचा माइक कुणालाच वापरू देऊ नका. डिस्कॉर्डमध्ये (टीम चॅटचं ॲप), गेममध्ये आणि ओबीएसमध्ये (स्ट्रीमिंगचं सॉफ्टवेअर), तिन्ही ठिकाणी इनपुट म्हणून दुसरा माइक निवडा. लॅपटॉपचा स्वतःचा चालेल, वेगळा यूएसबी माइक असेल तर उत्तमच. "डिफॉल्ट" असं ठेवू नका. नेमकं नाव निवडा, कारण डिफॉल्ट माइक परस्पर बदलतो आणि तक्रार चार दिवसांनी परत येते. तरीही आवाज हँड्सफ्रीवर उडी मारत असेल, तर विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये त्या हेडसेटचा माइक पूर्ण बंद करून टाका.

फोनवर असा वेगळा माइक निवडायची सोय बहुतेक गेममध्ये नसते. तिथे एकतर टीम चॅटचा माइक बंद ठेवून खेळायचं, नाहीतर वायरचा इन-इअर वापरायचा. मी वायरचाच सुचवेन.

या दुखण्यावर एलई ऑडिओ हा नवा मार्ग आला आहे. त्यात एलसी3 नावाचा कोडेक (आवाज दाबून पाठवण्याची पद्धत) असतो आणि माइक चालू असतानाही आवाज चांगला राहू शकतो. पण त्यासाठी हेडसेट, फोन किंवा लॅपटॉपचं हार्डवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टिम, तिघांचाही पाठिंबा लागतो. एकाचा जरी नसला तरी सगळं गुपचूप जुन्या रस्त्यावर येतं. त्यामुळे खोक्यावर "ब्लूटूथ 5.2" किंवा "5.3" छापलंय म्हणजे एलई ऑडिओ आहेच, असं धरून चालू नका. तपशिलात ते शब्द वेगळे लिहिलेले असायला हवेत, आणि तुमच्या यंत्राच्या तपशिलातही.

"गोळी आधी दिसते, आवाज मागून येतो"

हाही ब्लूटूथचाच गुण. साध्या एसबीसी कोडेकवर 150 ते 250 मिलिसेकंद उशीर होणं नेहमीचं आहे. सेकंदाला 60 फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम साधारण 16.7 मिलिसेकंदांची, म्हणजे आवाज नऊ ते पंधरा फ्रेम मागे. व्हिडिओ बघताना प्लेअर चित्र थोडं थांबवून मेळ घालतो, म्हणून तिथे उशीर जाणवत नाही. गेमला तसं थांबता येत नाही. इअरबडमध्ये "गेमिंग मोड" असेल तर चालू करून बघा, उशीर कमी होतो. वायरइतका कमी मात्र होत नाही.

वायर नकोच असेल तर 2.4 गिगाहर्ट्झचा यूएसबी डोंगल (यंत्रात लावायचा छोटा रिसीव्हर) असलेला इन-इअर घ्या. त्याची जोडणी ब्लूटूथच्या वरच्या दोन रस्त्यांवर चालत नाही, त्यामुळे माइक आणि स्टिरिओ एकत्र चालतात आणि उशीरही बराच कमी असतो. पण डोंगलचं स्वतःचं एक दुखणं आहे: मधूनच आवाज तुटणं. लोक लगेच बॅटरीला दोष देतात. खरं कारण पुष्कळदा शेजारच्या यूएसबी 3 पोर्टमध्ये असतं. यूएसबी 3 च्या डेटामुळे 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट होतो, हे इंटेलने 2012 मध्येच तपशीलवार मांडलं होतं. डोंगलच्या बाजूला बाहेरची हार्ड डिस्क किंवा कॅप्चर कार्ड लावलं असेल तर डोंगल लहानशा यूएसबी एक्स्टेंशनने दूर आणा आणि टेबलावर, तुमच्या समोर ठेवा. कॅबिनेटच्या मागे लावलेला डोंगल आणि पुढे बसलेले तुम्ही, यांच्या मध्ये पत्र्याचा डबा असतो. माणसाचं शरीरही ही लहर बऱ्यापैकी शोषतं. वायफाय 5 गिगाहर्ट्झवर नेलं तर आणखी फरक पडतो.

"वायरचा घेतला, पण माइक सापडतच नाही"

पिन बघा. तिच्यावर तीन काळ्या रेघा असतील तर ती चार भागांची पिन: डावा, उजवा, ग्राउंड, माइक. दोनच रेघा असतील तर त्या पिनमध्ये माइकची तारच नाही, मग केबलवर माइकचं चित्र असो वा नसो. आता यंत्राचा जॅक बघा. डेस्कटॉपला सहसा हिरवा आणि गुलाबी असे दोन वेगळे जॅक असतात. चार भागांची पिन हिरव्यात घातली तर ऐकू येतं, पण माइक चालत नाही. गुलाबीत घातली तर काहीच नीट चालत नाही. इथे वाय आकाराचा स्प्लिटर लागतो: एका टोकाला चार भागांची पिन घुसेल असा सॉकेट, दुसऱ्या टोकाला तीन-तीन भागांच्या दोन पिना. दुकानात दिसायला तसाच दुसरा एक स्प्लिटर मिळतो, दोघांनी एकाच फोनवर गाणी ऐकण्यासाठीचा. तो इथे निरुपयोगी आहे. पिनांवर हेडफोन आणि माइकची वेगवेगळी चित्रं आहेत ना, ते पाहूनच घ्या.

माइक सापडतो, पण गाण्यातला गायकाचा आवाज गायब आणि सगळं पोकळ ऐकू येतं, असं असेल तर तारांचा क्रम उलटा आहे. आजची बहुतेक यंत्रं सीटीआयए क्रम वापरतात. जुनी काही ओएमटीपी वापरत, ज्यात ग्राउंड आणि माइकच्या जागा अदलाबदल झालेल्या असतात. याची खूण अगदी स्पष्ट आहे: केबलवरचं बटण दाबून धरलं की आवाज अचानक भरदार होतो, सोडलं की परत पोकळ. छोटा कन्व्हर्टर लावला की हा प्रश्न मिटतो. आणि पोकळ आवाज कधीकधी नुसती पिन अर्धवट बसल्यानेही येतो. फोनच्या जाड कव्हरमुळे हे हमखास होतं, तेव्हा आधी कव्हर काढून बघा.

टाइप-सी पिनच्या इन-इअरमध्ये वेगळा घोळ आहे. काही इन-इअरच्या पिनमध्ये स्वतःची डीएसी चिप (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग आवाज करणारी) असते. ते लॅपटॉप, फोन, कन्सोल, बहुतेक सगळीकडे चालतात. काहींत चिप नसते, ते फोनकडूनच ॲनालॉग आवाजाची अपेक्षा करतात आणि ती सोय नसलेल्या यंत्रावर गप्प बसतात. तपशिलात डीएसी असल्याचं लिहिलं नसेल तर घेऊ नका.

"टीममेट म्हणतात, तुझ्या माइकमधून गोळीबार ऐकू येतो"

या तक्रारीवर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तिचं निदान सर्रास चुकतं. सगळे म्हणतात, आवाज कमी कर, कानातून बाहेर गळतोय. पण नीट बसलेल्या इन-इअरमधून बाहेर गळणारा आवाज नगण्य असतो.

प्रयोग करा. इन-इअर कानातून काढा, दोन्ही बाजू जाड कापडात गुंडाळून माइकपासून शक्य तितक्या दूर ठेवा, गेमचा आवाज नेहमीइतका ठेवा आणि रेकॉर्ड करा. रेकॉर्डिंगमध्ये गोळीबार गेला असेल तर खरंच हवेतून गळती होती: टिप (कानात बसणारी सिलिकॉनची टोपी) सैल आहे, मोठी लावा. गोळीबार तसाच असेल तर तो तारेतून येतोय.

चार भागांच्या पिनच्या केबलमध्ये डावा, उजवा आणि माइक, तिघांची परतीची तार एकच असते. गेमचा प्रवाह त्या तारेतून परत जाताना तिच्या रोधामुळे तिथे अगदी थोडं व्होल्टेज उभं राहतं. माइकचा सिग्नल मुळातच काही मिलिव्होल्टचा, त्यामुळे एवढंसं व्होल्टेजही त्यात मिसळून स्पष्ट ऐकू येतं. मग माइक बूस्ट त्याला आणखी फुगवतो. सैल किंवा मळलेला जॅक, लांब एक्स्टेंशन केबल, स्वस्त स्प्लिटर, या सगळ्यांनी रोध वाढतो आणि गळतीही.

म्हणून क्रमाने असं करा: एक्स्टेंशन काढा, पिन स्वच्छ पुसा, विंडोजमधला माइक बूस्ट शून्यावर आणा आणि माइक तोंडाजवळ घ्या, ऐकण्याचा आवाज थोडा कमी करा. जास्त संवेदनशीलतेचा इन-इअर असेल तर त्याला तेवढ्याच आवाजासाठी कमी व्होल्टेज लागतं, तेव्हा गळतीही घटते. एवढं करूनही राहिलीच, तर त्या केबलचा माइक सोडून द्या आणि वेगळा माइक घ्या. मग सामायिक तारेचा प्रश्नच उरत नाही.

हे सगळं करण्याआधी एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट मात्र तपासा: चॅट ॲपमध्ये इनपुट म्हणून चुकून "स्टिरिओ मिक्स" तर निवडलेलं नाही ना. ते निवडलेलं असेल तर यंत्रात वाजणारं सगळंच टीमला जाणार.

गुणगुण, शीळ आणि खरखर

लॅपटॉप चार्जिंगला लावल्यावर गुणगुण येते आणि चार्जर काढल्यावर थांबते, तर हेडसेटला दोष देऊ नका. अर्थिंग असलेला तीन पिनांचा चार्जर आणि नीट अर्थिंग असलेलं सॉकेट वापरून बघा. कॅप्चर कार्ड, दुसरा पीसी, मॉनिटर असं बरंच काही जोडलेलं असेल तर सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणा. माउस हलवला किंवा गेम लोड होताना बारीक शीळ येते, ती मदरबोर्डच्या आतल्या गोंगाटाची, आणि कॅबिनेटच्या पुढच्या जॅकवर जास्त. इन-इअर फार संवेदनशील असतात, म्हणून मोठ्या हेडफोनवर न जाणवणारी ही शीळ त्यांच्यावर लगेच जाणवते. एक साधा यूएसबी डीएसी हे बहुतेक वेळा संपवतो.

केबल शर्टावर घासल्याची खरखर मात्र केबलचीच. केबल कानावरून मागे घेऊन घातली आणि क्लिपने कॉलरला अडकवली की ती जवळजवळ जाते. केबलच्या मधोमध लटकणारा माइक कॉलरवर, दाढीवर, साखळीवर घासतो. प्रेक्षकांना ऐकू जाणारी खरखर बहुधा तीच.

"टीममेट बोलला की गेमचा आवाज एकदम कमी होतो"

विंडोज, साउंड कंट्रोल पॅनल, कम्युनिकेशन्स टॅब. तिथे इतर आवाज 80 टक्क्यांनी कमी करण्याचा पर्याय आधीपासून निवडलेला असतो. "काहीही करू नका" असा पर्याय निवडा. डिस्कॉर्डमध्येही अटेन्युएशनची (आवाज कमी करण्याची) अशीच पट्टी आहे, तीही शून्यावर आणा.

कानात बसतो का, यावर अर्धं यश

बास नाही, आवाज पातळ आहे, म्हणून परत पाठवलेल्या इन-इअरपैकी बऱ्याचशांचा दोष टिपमध्ये असणार, असं मला ठामपणे वाटतं. कानाची पोकळी हवाबंद झाली नाही तर खालचे सूर सरळ निघून जातात. खात्री करायची तर कुठलंही ड्रम असलेलं गाणं लावा आणि दोन्ही बाजू बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्यावर बास एकदम वाढला, तर टिप लहान आहे. दोन्ही कान सारखे असतीलच असं नाही. एका बाजूला मधली आणि दुसऱ्या बाजूला मोठी टिप लागू शकते, त्यात काही गैर नाही. सिलिकॉन टिप घामाने घसरत असेल तर फोमची घ्या. फोम कानाच्या आकाराप्रमाणे फुगतो, दाब कमी पडतो, पण काही महिन्यांत सैल पडतो आणि बदलावा लागतो.

तासाभरात कान दुखू लागला तर वजनाकडे आधी बघू नका, टिप ज्यावर बसते त्या नळीची जाडी आणि टिपचा आकार बघा. सोबत आलेल्या टिप जेमतेम तीन मापांच्या असतात. वेगळ्या घेतलेल्या टिपने दुखरा इन-इअरही सुसह्य होतो.

स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो, ही स्ट्रीम करणाऱ्यांची खास तक्रार. कान बंद केल्यावर हाडांमधून आलेले आवाजाचे खालचे सूर बाहेर पडू शकत नाहीत, म्हणून ते घुमतात. बाहेरून येणारे वरचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून माणूस नकळत ओरडून बोलतो. यावर साइडटोन हा खरा उपाय: माइकचा आवाज थोडासा तुमच्याच कानात सोडणं. पण तो हेडसेटच्या किंवा यूएसबी साउंड कार्डच्या हार्डवेअरमधून यायला हवा. विंडोजमधलं "या उपकरणाचं ऐका" हे सेटिंग आवाज उशिरा देतं, आणि स्वतःचा आवाज उशिरा कानात आला की जीभ अडखळते. साइडटोन नसेल तर हवेसाठी बारीक छिद्र असलेला इन-इअर निवडा, घुमणं बरंच कमी होतं.

एका बाजूचा आवाज हळूहळू कमी होत गेला असेल तर टिप काढून नळीवरची जाळी बघा. मळ साचलेला असतो. जाळी खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने झाडा, टाचणी घालू नका. सिलिकॉन टिप साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून मगच लावा.

आणि आवाजाची पातळी. जागतिक आरोग्य संघटना आणि आयटीयू (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ) यांच्या 2019 च्या मानकात प्रौढांसाठी आठवड्याला 40 तास 80 डेसिबल ही मर्यादा धरली आहे. दर 3 डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो: 83 ला 20 तास, 86 ला 10. रोज स्ट्रीम करणारा माणूस ही मर्यादा सहज ओलांडतो. नीट बसलेला इन-इअर बाहेरचा गोंगाट अडवतो, त्यामुळे कमी आवाजातही पावलं ऐकू येतात. गेममध्ये "नाइट मोड" असेल तर लावा. स्फोट दबतात, पावलं वर येतात.

स्ट्रीमवरच्या तक्रारी, ज्या कुठलाच हेडसेट सोडवणार नाही

फोनवरून स्ट्रीम करताना "टीममेटचा आवाज प्रेक्षकांना जात नाही" ही तक्रार नेहमी येते. अँड्रॉइड 10 पासून ॲपला दुसऱ्या ॲपचा आतला आवाज पकडता येतो, पण फक्त गेम आणि मीडिया प्रकारचा. संभाषण म्हणून वाजणारा आवाज त्यातून वगळलेला आहे. तसंच दोन साधी ॲप एकाच वेळी माइक मागतात, तेव्हा सहसा एकाला खरा आवाज मिळतो आणि दुसऱ्याला नुसती शांतता. टीम चॅट चालू केल्यावर तुमचा आवाज स्ट्रीमवरून गायब होतो तो यामुळे. इथे हेडसेट बदलून काहीही होणार नाही.

पीसीवर ओबीएस आणि विंडोज दोन्हीकडे सॅम्पल रेट 48 किलोहर्ट्झ ठेवा. एकीकडे 44.1 आणि दुसरीकडे 48 असेल तर आवाज मधूनच फाटू किंवा सरकू शकतो. बोलताना ओबीएसचं मीटर पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे उणे 20 ते उणे 9 डेसिबलमध्ये खेळायला हवं. आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटत असेल, तर गोंगाट दाबणारी फिल्टर मोजा: हेडसेटचं एक, डिस्कॉर्डचं एक, ओबीएसचं एक. एकावर एक बसली की ती शब्दच खातात. कुठलंतरी एकच ठेवा.

मग घ्यायचा कोणता

फक्त वायरवर, एकाच ठिकाणी बसून खेळत असाल, तर माझा कौल स्पष्ट आहे: एकच डायनॅमिक ड्रायव्हर (आवाज निर्माण करणारा भाग) असलेला, केबल सुटी होणारा इन-इअर. एक डायनॅमिक ड्रायव्हर असला की इम्पिडन्स (विद्युत प्रवाहाला होणारा अडथळा) साधारण एकसारखा राहतो, त्यामुळे लॅपटॉप असो, कंट्रोलर असो, आवाजाचा पोत फारसा बदलत नाही. खूप ड्रायव्हर असलेल्यांचा बदलू शकतो. केबल सुटी होत असेल तर सगळ्यात आधी मोडणारा भाग स्वतंत्र बदलता येतो. जोडणी 0.78 मिलिमीटरची दोन पिनांची किंवा एमएमसीएक्स असू द्या, कारण त्यांच्या केबल सहज मिळतात, अगदी तोंडासमोर येणाऱ्या दांडीच्या माइकच्याही. स्ट्रीमसाठी हा दांडीचा माइक केबलमधल्या लटकत्या माइकपेक्षा कितीतरी बरा. वेगळा यूएसबी माइक ठेवायला जागा असेल तर तो त्याहून बरा.

कन्सोलवर खेळणाऱ्यांनी ब्लूटूथचा विचारच करू नये. प्लेस्टेशन 5 आणि एक्सबॉक्स सिरीज यांना ब्लूटूथ हेडफोन थेट जोडता येत नाही. निन्टेन्डो स्विचला 2021 च्या अपडेटपासून जोडता येतो, पण ब्लूटूथ माइक चालत नाही. प्लेस्टेशन 5 च्या कंट्रोलरवर 3.5 मिलिमीटरचा जॅक आहे, एक्सबॉक्सच्याही. तिथे वायरचा इन-इअर लावला की काम झालं. वायरलेसच हवा असेल तर डोंगल त्या कन्सोलवर चालतो असं खोक्यावर लिहिलेलं असायला हवं. एक्सबॉक्सबाबत हे दोनदा तपासा, प्लेस्टेशनवर चालणारे बरेच डोंगल तिथे चालत नाहीत.

"7.1 सराउंड" या शब्दांसाठी जास्त पैसे देऊ नका. दोन कानांत दोनच बाजू असतात, बाकी सगळी सॉफ्टवेअरची प्रक्रिया. व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये एचआरटीएफचा (हेडफोनमध्ये आवाजाची दिशा कळावी म्हणून केलेल्या प्रक्रियेचा) पर्याय आतच असतो. तो चालू असताना हेडसेटचं सराउंड आणि विंडोजचं स्पेशियल साउंड, दोन्ही बंद ठेवा, नाहीतर दिशा कळायची ती आणखी गोंधळते. ड्रायव्हर किती मिलिमीटरचा, यावरूनही आवाजाचा दर्जा ठरत नाही.

घरी आल्यावर परत करण्याची मुदत संपायच्या आत एक पूर्ण लांबीचं सत्र खेळा: टीम चॅट चालू, स्ट्रीमचं खासगी रेकॉर्डिंग चालू, लॅपटॉप चार्जरवर, डोंगल नेहमीच्या पोर्टमध्ये. कान कितव्या तासाला दुखतो ते बघा, आणि रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी स्पीकरवर ऐका. वरच्यापैकी एखादी तक्रार त्यात सापडली तर तिची तपासणी लगेच करा, आणि दोष हेडसेटबरोबर दुसऱ्या यंत्रावरही जात असेल तरच तो परत पाठवा.